सुलतानपूर : मिठाचं गाव, पाखरांचं तळं



दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की त्यांची यादी तयारच असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, अक्षरधाम, करोलबाग आणि जमलं तर आग्रा. या यादीत मी गेली काही वर्षं एक नाव घुसवतो. सुलतानपूर. ऐकणारा विचारतो, "तिथे काय आहे?" मी सांगतो, एक लहानसं गाव आहे, एक तळं आहे आणि भरपूर पक्षी आहेत. पण हे उत्तर अर्धंच झालं. आज उरलेलं अर्धं सांगायचं आहे. या गावानं एकेकाळी उत्तर हिंदुस्तानाला मीठ खाऊ घातलं होतं. ते मीठ, ते तळं आणि ते पक्षी या तिन्हींची गोष्ट एकच आहे, आणि ती अजून संपलेली नाही.

आधी नकाशा समजून घेऊ. फौजेतली सवय आहे, जमीन कळल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. गुडगाव, म्हणजे आताचं गुरुग्राम, तिथून पश्चिमेला फारुखनगरकडे एक रस्ता जातो. गुडगावच्या काचेच्या इमारती मागे पडल्या की पंधराएक किलोमीटरवर सुलतानपूर येतं. आसपास चंदू, बुढेरा, साढराणा अशी गावं आहेत. जमीन ताटासारखी सपाट. गहू, मोहरी, मधूनच वीटभट्टीची चिमणी, बांधावर कीकर म्हणजे आपली बाभूळ. आपल्याकडच्या माणसाला वाटेल, इथे ना डोंगर ना दरी, पाहायचं तरी काय?

पण ही जमीन दिसते तितकी सपाट नाही. ती किंचित खोलगट आहे. अरवलीत उगम पावणारी साहिबी नावाची नदी राजस्थानातून रेवाडीकडे येते आणि पुढे याच सखल पट्ट्यात पसरायची. 'पसरायची' हाच शब्द बरोबर, कारण ती धड वाहत यमुनेला मिळतच नव्हती. पावसाळ्यात पाणी साचायचं आणि त्याची नजफगढ झील नावाची मोठी झील व्हायची. मैलोन् मैल पाणी. उन्हाळ्यात ते आटायचं. पाणी वाफ होऊन जातं, पण त्यात विरघळलेले क्षार कुठे जाणार? ते मागेच राहतात. हजारो वर्षं हेच होत आल्यामुळे इथलं जमिनीखालचं पाणी खारं झालं. विहीर खणावी तर गोडं पाणी लागेलच याची खात्री नाही. सुलतानपूरच्या बाजूला तर पाणी इतकं खारं, की ते उन्हात ठेवलं तर तळाशी मीठ उरतं.

माणूस मोठा हुशार प्राणी आहे. पाणी पिता येत नाही म्हणून तो रडत बसला नाही, त्याने मीठ काढलं. सुलतानपूर आणि शेजारच्या काही गावांत खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. बैलांच्या मोटेनं पाणी उपसायचं, चुन्यानं गिलावा केलेल्या लांबट, उथळ वाफ्यांमध्ये सोडायचं आणि उन्हाच्या हवाली करायचं. उत्तरेतलं मे महिन्यातलं ऊन आणि वरून लू. पाणी उडून जायचं आणि मिठाचे खडे उरायचे. या मिठाला बाजारात नावच पडलं होतं, 'सुलतानपुरी'.

तुमच्यापैकी कुणी उरण, पेण, भाईंदर, वसईकडचे असाल तर म्हणाल, आमची मिठागरं वेगळी काय होती? तत्त्व तेच. फरक एवढाच की आपल्याकडे भरती येते, समुद्र स्वतः चालत आगरात येतो. इथे समुद्र हजार किलोमीटर दूर, म्हणून बैल लावून तो जमिनीखालून उपसावा लागायचा. आणि बुलढाण्याकडच्या मंडळींना तर यात नवल वाटायलाच नको. लोणार हे नावच लवणाशी नातं सांगणारं. समुद्रापासून लांब, खारं पाणी आणि त्या खारेपणावर उभं राहिलेलं गाव, हे आपण घरीच पाहिलेलं आहे.

आता या मिठाचा राजकारणाशी काय संबंध, तो पाहा. दिल्लीच्या आसपासचा हा मुलूख अठराव्या शतकाच्या शेवटी शिंद्यांच्या सत्तेखाली होता. महादजी शिंद्यांचं नाव दिल्लीकर विसरले असतील, पण त्या काळात लाल किल्ल्यातल्या बादशहाचा कारभार त्यांच्या हाती होता. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेकाठी पटपडगंजला दौलतराव शिंद्यांच्या फौजेची कंपनीच्या फौजेशी लढाई झाली. कंपनीचा सेनापती होता जनरल लेक. लढाई आपण हरलो. आज नोएडातल्या गोल्फ कोर्समध्ये त्या लढाईची आठवण सांगणारा एक स्तंभ आहे आणि त्याच्या अवतीभवती लोक निवांत गोल्फ खेळतात. पुढे ३० डिसेंबरला तह झाला आणि दिल्लीसकट गुडगावचा हा टापू कंपनीकडे गेला. तह कुठे झाला? आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीला. म्हणजे या खाऱ्या विहिरींचा धनी कोण, हे वऱ्हाडातल्या एका गावात ठरलं. इतिहासात गावं अशीच एकमेकांच्या आयुष्यात डोकावत असतात, त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

इंग्रज आले आणि त्यांची नजर मिठाच्या करावर गेली. राजस्थानातलं आणि या पश्चिमेकडच्या भागातलं मीठ पूर्वेकडे जाताना त्यावर कर घ्यायचा, आणि चोरून कुणी नेऊ नये म्हणून त्यांनी काय केलं? कुंपण घातलं! अटकेच्या वर, सिंधूच्या काठापासून ते थेट महानदीच्या खोऱ्यापर्यंत जकातीची एक रेषा आखली. लांबी सुमारे तेवीसशे मैल. ती हिस्सार, दिल्ली, आग्रा, झाशी, होशंगाबाद करत आपल्या बऱ्हाणपूरच्या अंगानं जायची. त्यातल्या मोठ्या भागावर जिवंत कुंपण वाढवलं होतं, बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग आणि थोर लावून. काही ठिकाणी ते दहा-बारा फूट उंच होतं. राखणीला जवळजवळ बारा हजार माणसं. मी आयुष्यभर सरहद्दीवरची काटेरी तार पाहिली आहे. तिच्यापलीकडे शत्रू असतो. पण स्वतःच्याच प्रजेच्या जेवणातल्या चिमूटभर मिठासाठी देशाच्या पोटातून एवढी काटेरी रेषा ओढायची, हे समजायला मला वेळ लागला. १८७९ साली ही रेषा बंद झाली. कुंपण वाळलं, लोकांनी ते जाळलं, त्यावरून रस्ते गेले. आज त्याची ओळखण्याजोगी खूण शोधूनही क्वचितच सापडते.

गंमत पुढे आहे. १८६७ ते १८७० या काळात या जकात खात्याचा प्रमुख होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. नाव ओळखीचं वाटतंय ना? १८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यामागे धडपड करणारा हाच तो ह्यूम. शाळेच्या पुस्तकात आपण त्याची एवढीच ओळख वाचतो. पण पक्षीनिरीक्षकांना विचाराल तर ते म्हणतील, ह्यूम म्हणजे हिंदुस्तानातल्या पक्षीशास्त्राचा बाप. हे मिठाचं कुंपण तपासायला तो गावोगाव फिरायचा आणि फिरता फिरता पक्ष्यांच्या नोंदी करायचा. नमुन्यांचा त्याचा प्रचंड संग्रह पुढे लंडनच्या संग्रहालयात गेला. मीठ आणि पाखरं ही जोडी मी ओढूनताणून जुळवलेली नाही. एका सरकारी साहेबाच्या दौऱ्याच्या डायरीत ती दीडशे वर्षांपूर्वीच जुळली होती.

आणि याच ह्यूमनं सुलतानपूरच्या मिठाला पहिला धक्का दिला, अर्थात ठरवून नव्हे. राजस्थानातलं सांभर सरोवर ताब्यात घेण्यासाठी जयपूर आणि जोधपूर संस्थानांशी जे करार झाले, त्यांच्या वाटाघाटी त्याने केल्या. सांभर हातात आलं म्हणजे खाऱ्या पाण्याचा समुद्रच हातात आला. तिथलं मीठ स्वस्त आणि अफाट. तरी १८७३ साली दिल्ली ते रेवाडी रेल्वे सुरू झाली, तेव्हा गढी हरसरूहून फारुखनगरला एक फाटा काढला गेला. हिंदुस्तानातल्या पहिल्या मीटरगेज मार्गांपैकी हा एक, आणि तो मुख्यतः या मिठासाठी. पण जी आगगाडी सुलतानपूरचं मीठ बाहेर नेणार होती, तिच्याच जाळ्यातून सांभरचं मीठ सगळीकडे पोहोचलं. शिवाय डोक्यावर कर होताच. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत सुलतानपुरी मिठाचा धंदा बसला आणि कायमचा संपला. १९३० साली आपल्याकडे शिरोड्याला, वडाळ्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तोवर या गावाच्या विहिरी थंड पडल्या होत्या.

फौजेत एक वाक्य पहिल्या दिवसापासून कानावर पडतं, 'नाम, नमक, निशान'. पलटणीचं नाव, खाल्लेलं मीठ आणि निशाण, या तिघांसाठी जवान लढतो. मराठीतही आपण म्हणतोच, खाल्ल्या मिठाला जागावं. मला सुलतानपूरला गेलं की हे आठवतं. आपल्या पणज्यांनी नसेल, पण दिल्ली, आग्रा, मेरठकडच्या कितीतरी घरांनी पिढ्यान् पिढ्या या गावचं मीठ खाल्लं. त्या मिठाला जागण्यासाठी आपण काय केलं? उद्यानात पक्ष्यांचे फलक आहेत, ते असायलाच हवेत. पण इथे मिठाचं गाव होतं हे ठाऊक नसलेले पर्यटक रोज येतात आणि तसेच परत जातात.

जरा पुढे फारुखनगरला जा. सुलतानपूरहून फार लांब नाही. फर्रुखसियर बादशहाच्या नावावरून ठेवलेलं हे नगर १७३२ साली फौजदार खान नावाच्या सरदारानं वसवलं. आठ बाजूंचा तट, वेशी, त्याचा शीशमहाल आणि झज्जरच्या दिशेच्या वेशीपाशी एक मोठी बावडी. इथल्या नवाबाने १८५७ साली बंडाची बाजू घेतली. जानेवारी १८५८ मध्ये इंग्रजांनी त्याला दिल्लीत चांदणी चौकात फाशी दिलं. झज्जरचा नवाब आणि बल्लभगडचा राजा नाहरसिंग हेही त्याच दिवसांत त्याच वाटेनं गेले. आपल्याला १८५७ म्हटलं की झाशी, कानपूर, तात्या टोपे आठवतात. दिल्लीच्या वेशीवरच्या या तीन छोट्या संस्थानांनी काय किंमत मोजली, तेही माहीत असायला हवं.

आता तळ्याकडे येऊ.

सुलतानपूरचं तळं म्हणजे कुणा राजानं बांधलेला तलाव नव्हे. ती एक सखल पाणथळ जागा होती. पावसाळ्यात साहिबीचं आणि नजफगढ झिलीचं पाणी चढलं की ती भरायची, उन्हाळ्यात आटायची. मीठवाले गेले, पक्षी राहिले. खरं तर ते आधीपासूनच होते. विसाव्या शतकाच्या साठीत दिल्लीचे पक्षीनिरीक्षक तिथे जाऊ लागले. त्यांत पीटर जॅक्सन नावाचे ब्रिटिश पत्रकार होते, दिल्लीच्या पक्षीनिरीक्षक मंडळाचे सचिव. १९६९ साली निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाची सर्वसाधारण सभा दिल्लीत भरली. त्याच सुमारास जॅक्सन यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींकडे आग्रह धरला की ही जागा राखली पाहिजे. इंदिराजींना स्वतःला पक्ष्यांची आवड होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथे पक्षी अभयारण्य झालं, १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०२१ साली रामसर यादीत नाव गेलं. त्या वर्षी हरियाणाच्या दोन जागा एकदमच यादीत आल्या, ही आणि झज्जरची भिंडावास. आपल्या महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार त्याच्या थोडं आधी आले, ठाण्याची खाडी नंतर.

राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर ताडोबासारखं काही डोळ्यासमोर आणू नका. सुलतानपूरचं क्षेत्र अवघं १४२ हेक्टरच्या आसपास आहे. आरामात चालत फिरा, सकाळी निघाला तर जेवणाच्या वेळेला घरी. पण एवढ्याशा जागेत दोनशेहून जास्त जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. डिसेंबर-जानेवारीत जा. धुकं वर उचललं की समोर पाण्यावर तलवार बदकं, थापट्या, चक्रांग यांचे थवे दिसतील. जांभळ्या पाणकोंबड्या चिखलात तुरुतुरु पळत असतात. तळ्यात मातीचे उंचवटे करून त्यावर बाभळी लावल्या आहेत. त्या बाभळींवर पावसाळ्याच्या शेवटी चित्रबलाक घरटी करतात. गुलाबी शेपटीकडची पिसं, पिवळी लांब चोच आणि एका झाडावर वीस-वीस घरटी. पिल्लांचा असा काही गलका चालतो की आपल्याला गावच्या शाळेची मधली सुट्टी आठवावी.

आणि पट्टकदंब. राखाडी रंगाचा हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हा पक्षी मला जवळचा वाटतो, कारण त्याचं सासर आणि माहेर दोन्ही मी पाहिलं आहे. लडाखमध्ये असताना उन्हाळ्यात त्सो मोरीरी आणि त्सो कर या सरोवरांच्या काठी हे पिल्लं घेऊन फिरताना दिसायचे. चौदा-पंधरा हजार फुटांवर, जिथे आपल्याला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते. त्सो कर हेसुद्धा खारं सरोवर. तिथले चांगपा लोक एकेकाळी त्याच्या काठचं मीठ गोळा करून मेंढ्यांच्या पाठीवर लादून विकायला नेत. मध्य आशिया, तिबेट, लडाखकडचे हे हंस थंडीत हिमालय ओलांडून खाली उतरतात आणि त्यांतले काही सुलतानपूरला येतात. एका मिठाच्या तळ्याकडून दुसऱ्या मिठाच्या गावाकडे. त्यांना व्हिसा लागत नाही, परमिट लागत नाही. त्यांना लागतं उथळ पाणी आणि शांतता.

'उथळ' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सगळी मेख तिथेच आहे. आपल्याला वाटतं, तळं म्हणजे काठोकाठ भरलेलं असावं. पण बदकं पाण्यात डोकं खाली, शेपूट वर करून तळाचा चारा खातात. त्यांना घोट्याएवढं, गुडघ्याएवढंच पाणी लागतं. चिखलपक्ष्यांना तर नुसता ओला काठ हवा. पाणी फार चढलं तरी ते जातात, आटलं तरी जातात. चढ-उतार हाच पाणथळ जागेचा प्राण. पूर्वी तो निसर्ग सांभाळायचा. पण साहिबीवर वरच्या अंगाला बांध झाले, आणि १९७७च्या मोठ्या पुरानंतर रेवाडीजवळ मसाणीला बंधारा आला. नजफगढची झील दिल्लीकडच्या नाल्यात बंदिस्त झाली. सुलतानपूरला येणारं पाणी तुटलं. आता तळं भरायला कालव्याचं पाणी सोडावं लागतं. म्हणजे या उद्यानाची नाडी गुडगावच्या पाणीवाटपाशी बांधलेली आहे. एका बाजूला वाढतं शहर तहानलेलं, दुसऱ्या बाजूला पट्टकदंब. टंचाईच्या वर्षी पाणी कुणाला आधी मिळेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

भरतपूरला काय झालं ते आठवा. तिथे सायबेरियन क्रौंच यायचे. २००२ नंतर एकही आला नाही. त्याला कारणं बरीच होती, वाटेतल्या देशांतली शिकार हे मोठं कारण. पण एक गोष्ट खरी, पक्षी येणं थांबलं की पुन्हा निमंत्रण पाठवता येत नाही.

आता गावाकडे, कारण उद्यानाला येणारे बहुतेक लोक गाव न पाहताच परततात. फाटकाच्या अलीकडे मोटारी लावतात, दुर्बिणी काढतात, आत जातात आणि निघतात. मी गावात जाऊन बसतो. हरियाणाच्या या पट्ट्यात फौजेत गेलेलं कुणी ना कुणी घरोघर सापडतं, त्यामुळे गप्पांना वेळ लागत नाही. पलटण कुठली, नोकरी कुठे कुठे झाली, एवढं झालं की चहा येतोच. एकदा एका वयस्क गृहस्थांना, इकडे मोठ्या माणसाला ताऊ म्हणतात, मी विचारलं, "ताऊ, पक्ष्यांमुळे गावाला काय मिळालं?" ते हसले. म्हणाले, "फौजी साहब, परिंदे तो म्हारे भी मेहमान सैं. पर मेहमान की रोटी अकेले म्हारे चूल्हे पै क्यूँ बणे?"

विचार करा, त्यांचं म्हणणं खोटं नाही. पट्टकदंब दिवसा तळ्यात विसावतात आणि रात्री कोवळा गहू खायला कुणाच्या शेतात उतरतात? याच लोकांच्या. नीलगायींचे कळप रात्री पिकात घुसतात, तेव्हा राखण कोण करतं? हेच लोक. २०१० साली उद्यानाभोवती पाच किलोमीटरपर्यंत संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. कारखाने, मोठी बांधकामं यांच्यावर बंधनं आली. निसर्गाच्या दृष्टीनं ते आवश्यकच होतं, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण पलीकडच्या गावातली जमीन गोदामासाठी कोटीच्या भावानं जाते आणि आपल्या जमिनीवर मात्र निर्बंध, हे रोज पाहणाऱ्या शेतकऱ्यानं पक्ष्यांवर प्रेम करावं, अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

फारुखनगर, पटौदी हा पट्टा आता गोदामांचा झाला आहे. कुंडली-मानेसर-पलवल द्रुतगती मार्ग जवळून जातो. तुम्ही मोबाईलवर एक बोट दाबता आणि वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते, ती अशाच एखाद्या पत्र्याच्या प्रचंड छपराखालून निघालेली असते. मीही मागवतो. कुणालाच दोष देण्यासाठी हे सांगत नाही. पण एक शेत गोदाम झालं की पावसाचं पाणी मुरायची जागा जाते आणि सारसाच्या जोडीची चरायची जागाही जाते.

गुडगावच्या बाजूला बसईची पाणथळ जागा आहे. तिथेही पक्ष्यांची जत्रा भरायची. तिला सुलतानपूरसारखं संरक्षण मिळालं नाही. जवळून मोठा रस्ता गेला, बांधकामाच्या राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आला आणि तळं आक्रसत गेलं. कागदावर ती बहुतेकांसाठी 'पडीक जमीन' होती. तर सांगायचं म्हणजे, सुलतानपूर एकटं जगू शकत नाही. ते बसई, नजफगढ, भिंडावास या माळेतला एक मणी आहे. पक्षी सकाळी इथे, दुपारी तिथे असतात. माळ तुटली की राष्ट्रीय उद्यानाचं कुंपण कितीही मजबूत असो, आत नुसतं पाणी उरेल.

यातून मार्ग आहे का? आहे, आणि तो आपल्याच राज्यात दिसतो. नाशिकजवळ नांदूर मध्यमेश्वरला जा. तिथे चापडगावची पोरं पक्षी दाखवतात, दुर्बीण लावून देतात, मराठीत नावं सांगतात. तळं राहिलं तर आपली चूल पेटते, हे त्यांना व्याख्यानातून शिकवावं लागत नाही. गोंदियाला जा. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस तिथे आहेत, आणि ते मुख्यतः शेतकऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत आणि जुन्या तलावांच्या काठी जगतात. तिथे स्थानिक तरुण शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन त्याला विश्वासात घेतात, घरट्यांची राखण करतात. सारस हा जगातला सगळ्यात उंच उडणारा पक्षी, माणसाएवढा. पण त्याचं अंडं वाचतं ते नांगर धरणाऱ्या हाताच्या मर्जीनं.

सुलतानपूरलाही हेच हवं आहे. माझ्या मते तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत. पहिली, तळ्याच्या वाट्याचं पाणी आधीच ठरवून टाकावं, किती आणि कोणत्या महिन्यात, म्हणजे दर वर्षी अर्ज-विनंत्यांची पाळी येणार नाही. दुसरी, उद्यानाच्या उत्पन्नात आणि रोजगारात गावाचा हक्काचा वाटा असावा. वाटाडे गावचे, चहा-न्याहारी गावची आणि नीलगायींनी खाल्लेल्या पिकाची भरपाई वेळेत. तिसरी, मिठाची गोष्ट सांगावी. जुन्या विहिरींच्या खुणा जिथे असतील तिथे राखाव्यात, मीठ कसं निघायचं ते दाखवणारा एखादा वाफा पुन्हा करावा, वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. ही माणसं ऐंशीच्या घरात आहेत, त्यांनी हे आपल्या आजोबांकडून ऐकलंय. आणखी दहा वर्षांनी विचारायला गेलो तर सांगणारं कुणी नसेल. गावाला स्वतःच्या इतिहासाचा अभिमान वाटला की ते राखणीला आपणहून उभं राहतं. हे मी पलटणींच्या बाबतीत आयुष्यभर पाहिलंय, गावं काही वेगळी नसतात.

आणि तुम्ही आम्ही काय करायचं? दिल्लीत असाल किंवा थंडीत येणार असाल, तर एक सकाळ सुलतानपूरला द्या. उद्यान पावसाळ्यात बंद असतं आणि आठवड्याची एक सुट्टी असते, तेवढं आधी विचारून घ्या. मुलांना न्या, भडक कपडे नकोत, मोबाईलवर गाणी नकोत. पक्ष्यांची मराठी नावं सोबत घ्या. मारुती चितमपल्लींनी आपल्यासाठी पक्षिकोश करून ठेवला आहे. मुलांनी 'पेंटेड स्टॉर्क' म्हणावं, हरकत नाही, पण 'चित्रबलाक'ही म्हणावं. उद्यान पाहून झालं की लगेच गाडी वळवू नका. गावात जा, चहा प्या, चार पैसे तिथे खर्च करा, कुणा ताऊंना विचारा की इथे मीठ निघायचं म्हणे? मग शांत बसा आणि ऐका. तिथून फारुखनगरची बावडी आणि शीशमहाल पाहा आणि उजेड असेतो परत या.

तुम्ही दिल्लीपासून लांब असाल, बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठेही, तर तुमच्या गावाजवळही एखादं तळं असेलच. ते कुणी बांधलं, त्याचं पाणी कुठून येतं, कुठे जातं, त्याच्या काठावर कोण कोण जगलं, एवढं शोधून काढा. सात-बारावर त्याची नोंद काय आहे ते पाहा. 'पडीक' लिहिलं असेल तर सावध व्हा. तळी एका दिवसात मरत नाहीत. आधी कागदावर मरतात, मग राडारोडा येतो. कागद वेळेत वाचणारा एक माणूस गावात असला तरी पुष्कळ काम होतं, आणि तो माणूस व्हायला गणवेश लागत नाही.

 जय हिंद.